तळ्याचे पोट



मागे पनवेलच्या जुन्या वाड्यांवर लिहिले होते. ते वाचून नागपूरच्या भाचेसुनेचा फोन आला. "आत्या, तुमच्या गावात म्हणे पाच पाच तळी. मग गावातल्या तळ्यांचे पाणी असे हिरवे का होते? आणि हल्ली तळ्यात मधोमध कारंजी सोडतात, ती शोभेची की कामाची?" प्रश्न दोन वाक्यांचा, पण उत्तर काही फोनवर संपेना. शेवटी म्हटले, लिहूनच काढते. मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले, त्यामुळे आपल्यातल्या रसायनशास्त्रवाल्यांनी थोडे सांभाळून घ्यावे. तसा या विषयात रसायनापेक्षा इतिहासच जास्त आहे.

पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे. नावे ओळीने म्हटली तरी पाढा म्हटल्यासारखे वाटते. झाडाच्या बुंध्याशी पाणी धरून ठेवायला जो गोल खड्डा करतात त्यालाही आपण आळेच म्हणतो. व्युत्पत्ती म्हणून हे कुणी उतरवून घेऊ नका, मराठीच्या बाईंची ही खोड आहे. पण गाव म्हणजे झाड आणि तळी म्हणजे त्याची आळी, ही कल्पना मला आवडते. १८५२ साली इथे नगरपालिका आली, १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली. मधल्या काळात गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचे पाणी नळाने घरोघर आले आणि बायामाणसांचे तळ्याशी रोजचे काम उरले नाही. माझ्या मते खरी गोष्ट तिथून बदलते. पण ते पुढे सांगते.

आधी तळे आपले पाणी स्वतः कसे साफ करते ते पाहू. मी वर्गात मुलांना सांगत असे की तळ्याला पोट असते. पाण्यात पडलेले पान, मेलेला मासा, माणसाने टाकलेले खरकटे हे सगळे जिवाणू खातात. खाताना त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो पाण्यात फार थोडा मावतो. आपल्याकडच्या कोमट पाण्यात लिटरमागे जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. वाऱ्याने पाणी हलते तेव्हा थोडा हवेतून मिसळतो. बाकीचा पाण्यातले शेवाळ आणि वनस्पती दिवसा उन्हात तयार करतात. रात्री ऊन नसते, मग शेवाळसुद्धा तोच प्राणवायू वापरते. म्हणून तळ्यातले मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ते तरंगताना दिसतात.

पोटाला झेपेल तेवढे अन्न आले तर सारे ठीक चालते. गटाराचे तोंड तळ्यात सोडले की प्राणवायू संपतो. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांना प्राणवायू नको असतो, पण त्यांच्या पचनातून कुजक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणजे तळ्याला अपचन झाले. कारंजे पाणी उडवून त्यात हवा मिसळते, तेव्हा भाचेसुनेला अर्धे उत्तर इथेच देते : कारंजे शोभेचे आहे आणि थोडे कामाचेही आहे. मात्र अपचन झालेल्याला पंख्याने वारा घालावा, तेवढाच त्याचा उपयोग. जेवण कमी करणे त्याच्या हातात नाही.

हे अपचन मोजायची रीत इंग्रजांनी बसवली. सांडपाण्याचे काय करावे यासाठी त्यांनी १८९८ साली एक शाही आयोग नेमला होता. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालात नमुन्याचे पाणी पाच दिवस ठेवून जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजावे असे ठरले. यालाच आज बीओडी म्हणतात. आकडा जितका मोठा, तितके पाणी घाण. जगभर ही परीक्षा २० अंश सेल्सिअसला पाच दिवस घेतात. आपल्या देशात मात्र २७ अंशांना तीन दिवस अशी पद्धत आहे. आपल्या उष्ण हवेत जिवाणूंचे जेवण लवकर उरकते, म्हणून. आपल्याकडचे ऊन आणि ऊब हे पाणी शुद्ध करण्याच्या कामात फुकट मिळालेले भांडवल आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा.

जुन्या लोकांना पाणी 'निवळणे' माहीत होते. निवळीची बी उगाळून गढूळ पाण्याच्या भांड्याला आतून लावायची, की गाळ खाली बसतो. संस्कृतात हिला कतक म्हणतात आणि सुश्रुतसंहितेतही तिचा उल्लेख आहे. पण निवळलेले पाणी आणि शुद्ध पाणी यांत फरक आहे. डोळ्यांना काचेसारखे दिसणारे पाणीसुद्धा पटकी देऊ शकते. हे जगाला कळायला एकोणिसावे शतक जावे लागले.

स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात जॉन गिब नावाच्या कापड धुणाऱ्या कारखानदाराने १८०४ साली आपल्या कामासाठी वाळूतून पाणी गाळायची सोय केली आणि उरलेले पाणी गावात विकले. १८२९ मध्ये लंडनला जेम्स सिम्प्सन यांनी चेल्सी भागाच्या पाणीपुरवठ्यासाठी मोठी वाळूची गाळणी बांधली. सर्वांची समजूत अशी की वाळू कचरा अडवते. प्रत्यक्षात खरे काम करीत होता तो वाळूवर आठ-पंधरा दिवसांत साचणारा बुळबुळीत थर. तो थर जिवंत असतो, त्यातले सूक्ष्मजीव पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकतात. याचा पुरावा १८९२ साली मिळाला, आणि फार महाग किमतीला मिळाला. जर्मनीत एल्ब नदीवर हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही शहरे अगदी खेटून. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता प्यायचे. आल्टोना प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी घेणारे, पण वाळूतून गाळून. पटकीच्या साथीत हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसे गेली आणि आल्टोना बऱ्याच अंशी वाचले. हद्दीवरच्या रस्त्याच्या एका बाजूला पटकी आणि दुसऱ्या बाजूला नाही, असेही दिसले. त्या वाळूच्या गाळणीला वीज लागत नव्हती.

वीज आली ती पुढच्या टप्प्यावर. १९१४ मध्ये मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून पाहिली. पहिल्या खेपेस पाणी पुरते साफ व्हायला काही आठवडे लागले. मग त्यांनी तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. आपल्या घरातल्या बायकांना यात नवल वाटायचे कारण नाही, हे सरळ विरजण आहे! आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांची सांडपाणी केंद्रे याच विरजणावर चालतात. या दोघांना वाट दाखवणारे डॉ. गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होऊन आले, म्हणजे ही विद्या आपल्या देशात लगेचच पोचली होती.

फक्त या विरजणाला सतत हवा लागते. अशा केंद्रात जेवढी वीज जळते तिच्यातली साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त नुसती हवा फुंकण्यात जाते. वीज गेली की जिवाणू गुदमरतात. नगरपालिकेची तिजोरी आटली की पहिल्यांदा पंपच बंद पडतो.

तेव्हा दुसरी वाट आहे ती बिनविजेची, किंवा अगदी थोड्या विजेची. या वाटेवर आपला महाराष्ट्र मुळीच मागे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या ॲकवर्थ कुष्ठरोग आश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू जाळून उपयोगात आणला जात होता. पाणी साफ करताना वीज खर्च करण्याऐवजी उलट त्यातूनच इंधन मिळवायचे, हा विचार आपल्या शेजारी सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आला होता. नागपूरला १९५८ मध्ये सुरू झालेल्या संस्थेने (१९७४ पासून तिचे नाव 'नीरी') उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळ यांच्या बळावर सांडपाणी साफ करण्यावर पुष्कळ काम केले. भाचेसूनबाई, ही संस्था तुझ्याच गावातली!

तिकडे जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की लव्हाळ्यासारख्या पाणथळीतल्या वनस्पती घाण पाणी स्वच्छ करायला मदत करतात. या वनस्पतींच्या मुळांपर्यंत वरून हवा पोचते आणि मुळांभोवती जिवाणूंची वस्ती होते. खडी आणि माती यांच्या वाफ्यात अशी झाडे लावायची आणि पाणी संथपणे त्यातून जाऊ द्यायचे. 'नीरी'ने याच तत्त्वावर फायटोरिड नावाची पद्धत बसवली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात ती वापरली गेली आहे. पुण्याच्या सृष्टी इको-रिसर्च इन्स्टिट्यूटचे डॉ. संदीप जोशी यांची 'ग्रीन ब्रिज' म्हणजे हरित सेतू ही पद्धतही अशीच. नाल्यात किंवा नदीत दगड आणि नारळाचा काथ्या यांचे बांध घालायचे, त्यांवर जिवाणू आणि झाडे वाढू द्यायची. उदयपूरच्या आहाड नदीवर त्यांनी ती करून दाखवली.

इथवर वाचून वाटेल, मग अडते कुठे? तळ्यात चार तराफ्यांवर कर्दळ लावा, जिवाणूंचे विरजण घाला, झाले काम. मलाही वाचता वाचता तसेच वाटत होते. पण या गोष्टीत आणखी एक पात्र आहे, आणि ते शेवटपर्यंत स्टेजवरून हलत नाही. त्याचे नाव फॉस्फरस.

घाणीतला कार्बन जिवाणू खातात, त्याचा वायू होतो आणि तो उडून जातो. नायट्रोजनचाही बराचसा भाग शेवटी हवेत जातो. फॉस्फरसचा असा वायू होऊन जात नाही. तळ्यात आला की तो पाण्यात, शेवाळात, नाहीतर तळाच्या चिखलात, पण तळ्यातच राहतो. आणि तो शेवाळाचे खत आहे. कॅनडात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सरोवराचे मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. वरून काढलेला तो फोटो इतका बोलका आहे की शाळेच्या पुस्तकात तो असायला हवा.

आपल्या तळ्यांत हा फॉस्फरस कुठून येतो? मैल्यातून येतो, खतातून येतो, आणि कपड्यांच्या पावडरीतूनही आला. माझ्या आईच्या पिढीने रिठे, राख आणि साबणाची वडी वापरली. डिटर्जंटची पावडर १९५९ नंतर हळूहळू घरोघर आली आणि बऱ्याच पावडरींत फॉस्फेट असे. धुण्याचे पाणी मोरीतून गटारात आणि गटारातून सखल जागी. गावातली सर्वांत सखल जागा कोणती? तळे.

आता सुरुवातीला अर्धवट सोडलेल्या मुद्द्याकडे येते. माझ्या माहेरच्या गावी उन्हाळ्यात तळे आटले की आजूबाजूचे शेतकरी बैलगाड्या घेऊन यायचे आणि तळाचा काळा गाळ खणून शेतात टाकायचे. फुकटचे खत म्हणून. तळ्यातले मासे धरले जायचे, कमळाची फुले-पाने काढली जायची, कडेचे गवत गुरे खायची. कुणीही 'जलशुद्धीकरण' करीत नव्हते. प्रत्येक जण आपापल्या गरजेपुरते काहीतरी उचलून नेत होता, आणि त्याबरोबर तळ्यातला फॉस्फरस बाहेर जात होता. पोटात जेवढे जाई तेवढे बाहेर पडे. मग नळ आले, युरियाची गोणी आली, गुरे गेली. तळ्यात येणारे वाढले, तळ्यातून जाणारे थांबले. पूर्वीचे लोक फार शहाणे होते आणि आपण मूर्ख, असे मला म्हणायचे नाही. त्याच तळ्यांच्या पाण्याने नारू आणि पटकीही दिली आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की एक येणे-जाणे होते ते तुटले, आणि त्याच्या जागी आपण दुसरे काही बसवले नाही.

हे येणे-जाणे आधुनिक शहरातही टिकू शकते याचे जगातले मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ जागा आहे. शहराचे सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत सोडतात. उन्हात शेवाळ वाढते, शेवाळ मासे खातात, मासे माणसे खातात, उरलेले पाणी भाताला आणि भाजीला जाते. ध्रुवज्योती घोष नावाच्या सरकारी इंजिनिअरने या व्यवस्थेचे मोल सगळ्यांना पटवून दिले आणि २००२ मध्ये तिला रामसर यादीत स्थान मिळाले. तिथे फॉस्फरस माशांच्या टोपलीत बसून बाजारात जातो! हवा फुंकायला वीज नाही, पण रोज राबणारे कोळी आहेत, आणि त्यांचे पोट त्या तळ्यांवर आहे. म्हणून ती चालतात.

आता याच्या शेजारी पवई ठेवून पाहा. हा तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण पाणी चांगले निघाले नाही म्हणून तो वापर सोडून द्यावा लागला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत (ही २००१ ची) पवई आला, ठाण्यातले नऊ तलाव आले, कोल्हापूरचा रंकाळाही आला. पवईत जिवाणूंच्या साहाय्याने शुद्धीकरणाचा प्रयोग झाला. पण सांडपाण्याची तोंडे चालूच राहिली, आणि जलपर्णी पुन्हा पुन्हा आली. जलपर्णी तर आयता फॉस्फरस पिऊन वाढणारी वनस्पती. ती वेळच्या वेळी काढून बाहेर नेली तर तीच शुद्धीकरण करते. तिथेच कुजू दिली तर प्यायलेले सगळे तळ्याला परत करते, वर प्राणवायूही संपवते. वनस्पती तीच, पण कापणारा हात आहे की नाही, यावर ती औषध की रोग हे ठरते.

म्हणून आपल्या पनवेलकरांना, आणि ज्यांच्या गावात तळे आहे त्या सर्वांनाच, माझे एक सांगणे आहे. कुणी तळ्यासाठी पावडर, द्रावण, तराफा किंवा कारंजे घेऊन आले तर त्याला हाकलू नका. पण मास्तरकीने चार प्रश्न विचारा. सांडपाणी आत येण्याची तोंडे आधी बंद केली का? रात्री प्राणवायू कुठून येणार? फॉस्फरस कोणत्या वाटेने बाहेर जाणार? आणि पाच वर्षांनी ही झाडे कोण कापणार, त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात असतात. चौथ्याचे बहुधा नसते, आणि माझ्या पाहण्यात योजना फसते ती तिथेच.

दोन गोष्टी मात्र आपल्या हातातल्या आहेत. एक गणपतीची. मूर्तींचे गाव पेण आपल्याच जिल्ह्यातले. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. तळाच्या चिखलात प्राणवायू नसला की जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून तोच कुजक्या अंड्याचा वायू बनवतात. शाडूची मूर्ती आणि कृत्रिम हौद यांचा आग्रह त्यासाठी आहे, त्यात धर्माचे काही उणे होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०२० मध्ये सुधारली. प्लास्टरची मूर्ती घरी असेलच तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने खाण्याच्या सोड्यासारख्या दिसणाऱ्या अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ती बादलीत विरघळवायची रीत शोधली आहे. खाली खडूसारखी पूड बसते, वरचे पाणी पातळ करून झाडांना खत म्हणून चालते.

दुसरी गाळाची. राज्य सरकारने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तेव्हा मला माहेरच्या बैलगाड्याच आठवल्या. शहरातल्या तळ्याचा गाळ मात्र तपासल्याशिवाय शेतात घालू नये, त्यात शिसे वगैरे असू शकते, आणि धातू कोणताही जिवाणू खाऊन संपवत नाही. तपासून निघाला तर बागांना आणि रोपवाटिकांना द्यावा. आणि तळे सुशोभित करताना सगळा काठ सिमेंटने बांधून काढू नये. निदान एका अंगाला लव्हाळे, गवत, चिखल राहू द्यावा. फोटोत तो भाग चांगला दिसत नाही, पण पाणी साफ होते ते तिथे.

बराच लांबला लेख. आपल्यापैकी ज्यांच्या गावात अजून तळ्यातले मासे धरतात किंवा गाळ शेतात नेतात, त्यांनी जरूर लिहा : कोण नेते, कधी नेते, आणि तळ्याची देखभाल कुणाकडे आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मी गोळा करते आहे.